काळं, टोपीवालं, एक्स्पोर्टचं

मुंबईची थंडी म्हणजे उभ्याउभ्या येऊन जाणारी पाहुणी. बसा म्हटलं तर "नको हो, पुढे नाशिकला जायचंय" म्हणते, आणि आपण चहाचं आधण ठेवेपर्यंत जिना उतरलेली असते. पण ती दारात दिसली रे दिसली, की आम्ही मुंबईकर तिची अशी काही सरबराई करतो की बघणाऱ्याला वाटावं, आता संध्याकाळपर्यंत बर्फच पडणार.

यंदाही आली. परवा सकाळी खोबरेल तेलाची बाटली हातावर उपडी केली, तर थेंब पडेना. आत पांढराशुभ्र गोळा. आमच्या घरात हवामान खात्यापेक्षा या बाटलीचा शब्द मोठा. ती खिडकीत उन्हाला ठेवली आणि खाली फिरायला उतरलो, तर अख्खी सोसायटी हुडीत. पहिल्या मजल्यावरचे सत्तरी ओलांडलेले कुलकर्णी पोपटी हुडी घालून, तिची टोपी डोक्यावर ओढून, दोन्ही हात पोटावरच्या खिशात खुपसून चालले होते. पोट असं जपत होते, जणू आठवा महिना लागलाय.

"तुम्ही नाही घेतलीत हुडी?" त्यांनी विचारलं.

"घेतली होती एकदा."

"मग घालत का नाही?"

"घातली पण होती एकदा. तेवढी पुरली."

ते हसले आणि पुढे गेले. त्यांना काय सांगणार? सांगायला बसलो असतो तर थंडी संपली असती.

तेव्हा तिला हुडी म्हणत नसत. 'टोपीवालं स्वेटर' म्हणत, आणि तेही दुसऱ्याच्या अंगावर पाहून. ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं. आम्ही मुलुंडला दोन खोल्यांत राहायचो. थंडीचे कपडे त्या काळी कुणी विकत घेत नसे. ते घरात असायचे, जसे पितळेचे डबे असतात तसे. पत्र्याच्या ट्रंकेत, डांबराच्या गोळ्यांच्या शेजारी ते वर्षभर झोपायचे आणि जानेवारीत डोळे चोळत बाहेर यायचे. मग पंधरवडाभर सगळ्या मुलुंडला डांबराच्या गोळ्यांचा वास. देवळात, बसमध्ये, लग्नाच्या पंगतीत, माणूस येण्याआधी त्याची ट्रंक यायची. माझ्या वाट्याला मावशीने विणलेलं एक स्वेटर होतं. अंग हिरवं, पण मध्येच लोकर संपल्यामुळे एक बाही लालभडक. मावशी म्हणायची, "फॅशन आहे." नाक्यावरची पोरं म्हणायची, "अव्या, हात खाली घे रे, गाड्या थांबल्यात."

आणि मुलुंडकरांना आपल्या थंडीचा कोण अभिमान! "आमच्याकडे डोंगर आहे ना," असं सांगायचे, जसा काही तो डोंगर त्यांच्या आजोबांनी हप्त्याहप्त्याने बांधलाय. घाटकोपरच्या माणसाला थंडी काय कळणार, असं मुलुंडवाले म्हणत. घाटकोपरवाले तेच दादरवाल्यांना ऐकवत. सकाळी गॅलरीत उभं राहून तोंडातून वाफ काढून दाखवायची आमची स्पर्धा चालायची. वरच्या मजल्यावरच्या गुजराती बेनकडून हिरव्या लसणीचा आणि उंधियूचा वास जिन्याने खाली उतरायचा, आणि आमच्या घरात आई लोखंडी तव्यावर तीळ भाजायची. तीळ तडतडायला लागले की समजायचं, संक्रांत आली.

त्या वर्षीची संक्रांत माझ्यासाठी वेगळी होती, कारण ती लग्नानंतरची पहिली होती.

शैला घाटकोपरची. आमची गाठ टायपिंगच्या क्लासात पडली. तिचं बोट कधी चुकायचं नाही आणि माझं कधी बरोबर पडायचं नाही, म्हणून मास्तरांनी मला तिच्या शेजारच्या मशीनवर बसवलं. पुढचं मास्तरांच्या हातात राहिलं नाही. तिचे वडील, अप्पा, एका मोठ्या कंपनीत हुद्द्यावर. घरात सगळे पदवीधर, भिंतीवर प्रमाणपत्रं. मी बी.कॉम.ला दोनदा गचकलेला, एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे कारकून. बाप गिरणीतला, मूळ मालवणकडचा. अप्पांनी लग्नाला विरोध केला नाही. विरोध करायचा म्हणजे बोलावं लागतं. त्यांनी बोलणंच बंद केलं. लग्नाला आले, पण एकाही फोटोत नाहीत. फोटोग्राफरने कॅमेरा उचलला की त्यांना तहान लागायची.

त्यानंतर आम्ही कधी घाटकोपरला गेलो, तर अप्पा वर्तमानपत्रामागून शैलाशी बोलत.

"शैला, त्यांना विचार, चहात साखर किती."

"अप्पा, ते तुमच्या समोरच बसलेत."

"हो. विचार त्यांना."

मग शैला माझ्याकडे वळून विचारायची, मी तिला सांगायचो, ती अप्पांना सांगायची. समोरच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाकडे माझा निरोप पोचायला एक माणूस खर्ची पडायचं. मला त्याचं फार वाटायचं नाही. उलट गंमतच वाटायची. पण शैलाला वाटायचं. डिसेंबरात एकदा ती परत येताना बसमध्ये म्हणाली, "आईने संक्रांतीला बोलावलंय. ही शेवटची वेळ. त्या दिवशीसुद्धा अप्पा तुझ्याशी बोलले नाहीत, तर मी पुन्हा नाही जाणार तिथे. माझ्या नवऱ्याशी न बोलणाऱ्या घरात मी काय नुसती आमटी प्यायला जायचं?"

"अगं, असू दे ना."

"असू दे काय? मी नाही जाणार म्हणजे नाही."

आणि शैला टायपिंगसारखीच होती. एकदा उमटलं की खोडता यायचं नाही.

सासूबाईंनी त्या दिवसासाठी कंबर कसली होती. पहिल्या संक्रांतीला नव्या नवरीला काळी साडी नेसवून हलव्याच्या दागिन्यांनी मढवतात, आणि जावयालाही हलव्याचा हार घालतात. इतर वेळी वर्ज्य असलेला काळा रंग त्या एका दिवशी शुभ. सासूबाई हलवा घरीच करत होत्या. शेगडीच्या मंद आचेवर परात ठेवून, तिळावर पाकाचे चमचे घालत, बोटांनी हलवत राहायचं. मग कुठे एकेका दाण्याला काटा फुटतो. महिनाभर त्यांची बोटं भाजत होती. त्यांचा डाव साधा होता: घरभर बायका, अंगभर साखर, सणाचा दिवस, अशा वेळी 'तिळगूळ घ्या, गोड बोला' तरी नवऱ्याला तोंड उघडून म्हणावंच लागेल. त्यांनी शैलाजवळ निरोप पाठवला, "जावईबापूंना म्हणावं, काळं काहीतरी घालून या."

इथे माझं घोडं अडलं. माझ्याकडे काळं असं एकच होतं, छत्री.

माझा शाळेपासूनचा मित्र दिन्या साकीनाक्याला कपड्यांच्या एका कारखान्यात तपासनीस होता. परदेशी जाणारा माल बघायचा आणि वाईट असेल तर बाजूला काढायचा, हे त्याचं काम. बाजूला काढलेला माल वर्षातून एकदोनदा ओळखीच्या लोकांना मिळायचा. त्याला आम्ही 'एक्स्पोर्टचं' म्हणायचो, आणि हा शब्द उच्चारताना आमचा आवाज देवघरात बोलल्यासारखा खाली यायचा.

शनिवारी गेलो. पत्र्याची शेड, मशीनची घरघर, हवेत कापसाचे तंतू तरंगताहेत, आणि कोपऱ्यात छातीभर उंच ढीग: टोपीवाली स्वेटरं. कुठल्या तरी बर्फाळ देशात जायला निघालेली आणि जणू विमानतळावरूनच परत पाठवलेली. सगळ्यांचा चेहरा पडलेला.

"हे बघ अव्या," दिन्या म्हणाला, "हा सगळा रिजेक्ट माल. म्हणजे प्रत्येकात काही ना काही लोचा आहे. आधी लोचा शोधायचा, मग घ्यायचं. सापडला, आणि आपल्याला चालत असेल, तर बिनधास्त घ्यायचं."

"आणि नाही सापडला तर?"

"तर हात लावायचा नाही."

"का?"

"यार, लोचा तर आहेच ना! फक्त तुला माहीत नाही, कुठे ते."

मी मान डोलावली. अप्पांनीही मला नेमकं असंच तपासलं होतं, आणि त्यांना एकाच्या जागी बरेच सापडले होते.

जाणती गिऱ्हाइकं ढिगात कोपरापर्यंत हात घालून लोचे शोधत होती आणि सापडला की खूश होत होती. एका स्वेटरचा पोटावरचा खिसा पाठीवर बसला होता. एका गृहस्थाने ते हौसेने उचललं, म्हणाला, "छान, छत्री राहील." एकाच्या छातीवरची इंग्रजी अक्षरं उलटी छापलेली, आरशातच वाचता यावीत अशी. एकाला दोन टोप्या. ते कुणी का घेतलं, मला माहीत नाही, पण घेतलं. आणि त्या ढिगाच्या तळाशी मला ते दिसलं. काळंभोर. आत बदकाच्या पिल्लासारखी मऊ लव. पुढे खिसा, जागच्या जागी. टोपीला जाड दोरी, दोन्ही टोकं सारखी. बाह्या सारख्या, शिवण सरळ, रंग एकसारखा.

"लोचा?" दिन्याने विचारलं.

"नाही सापडत."

"मग ठेव."

"दिन्या, मला काळंच हवंय. सासुरवाडीचं आहे."

"सासुरवाडीला अनोळखी लोच्याचा माल घालून जाणार? तुझी वाट लागणार, अव्या."

घालून बघायला जागा नव्हती, म्हणून छातीला लावून पाहिलं. भरपूर ऐसपैस. बर्फातल्या एखाद्या दांडग्यासाठी शिवलेलं. मी ते काखेत मारलं. माणूस कपडा निवडतो तेव्हा खरं तर आपण त्यात कसे दिसू, याचं चित्र निवडतो. माझ्या चित्रात मी खिशात हात घालून अप्पांच्या दारात उभा होतो, आणि अप्पा वर्तमानपत्र खाली ठेवून म्हणत होते, "या."

घरी आईने ते उलगडून, टोपीत हात घालून पाहिलं. कोकणात पावसात डोक्यावरून पोत्याची खोळ घेतात, ती तिला आठवली.

"ह्यां काय रे? पावस नाय, पाणी नाय, नि ही खोळ घेऊन खंय चललंस?"

"आई, फॅशन आहे."

"तुझ्या मावशीन पण असांच सांगितलेल्यान."

रात्रीची जेवणं झाली की शैला आणि मी ट्यूबलाइटखाली ते स्वेटर पसरून लोचा शोधायला बसायचो. नवीन लग्न झालेली जोडपी संध्याकाळी चौपाटीवर जात. आम्ही शिवणी उसवल्यात का बघत होतो. आतून पाहिलं, बाहेरून पाहिलं, टेपने बाह्या मोजल्या. काही नाही. शेवटी शैला म्हणाली, "मला वाटतं, यात लोचाच नाही. चुकून चांगलं असताना काढलं असेल बाजूला."

"असं होतं?"

"होत असेल. तुझे तर सगळे सापडले होते, तरी घेतलंच ना मी?"

आता आठवलं की वाटतं, तो माझ्या आयुष्यातला सर्वांत सुखाचा जानेवारी असावा. पाय चादरीत, मध्ये ते काळं धूड पसरलेलं, आणि दोघं एकाच शिवणीकडे डोळे बारीक करून बघताहेत. हल्ली माझी मुलगी फोनवर बोटाने हुडी निवडते, दोन दिवसांत ती दारात येते, नाही आवडली तर परत जाते. लोचा शोधायचं काम कुणाला उरलंच नाही. बिचाऱ्यांना एका कपड्याकडे इतका वेळ बघायला मिळत नाही.

संक्रांतीच्या दुपारी मी ते चढवलं. अंग आत गेलं, बाह्या आत गेल्या, डोकं मात्र गळ्यात अडकलं. शैलाने खाली ओढलं, मी वर घुसलो, कान आधी दुमडले, मग कुरकुरले, आणि 'फट्' असा आवाज होऊन डोकं वर आलं. लोचा सापडला होता. अंग दांडग्याचं आणि गळा त्याच्या पोराचा. कुणीतरी मापांची अदलाबदल केली होती, आणि टोपी त्यावर पडलेली असल्यामुळे गळा कुणाच्याच डोळ्यांत भरला नव्हता. तो शोधायला डोकंच लागत होतं, आणि ते मी वापरलं नव्हतं.

"निघेल ना रे?" शैला म्हणाली.

"घातलेलं निघतंच."

हे वाक्य मी पुढे कधीही, कशाहीबद्दल उच्चारलेलं नाही. शर्टाची कॉलर त्या गळ्यातून जाणं शक्यच नव्हतं, त्यामुळे आत फक्त बनियन होतं. आणि बनियन म्हणजे, दिसत नाही म्हणून टिकवलेलं.

बस आग्रा रोडने निघाली. डोंगरावरची थंडी सकाळीच आपलं काम आटोपून गेली होती. उन्हाची तिरीप खिडकीतून थेट माझ्या छातीवर. शैला काळ्या साडीत सुंदर दिसत होती आणि मी वाफाळत होतो. कंडक्टरने तिकीट फाडलं, मला वरखाली पाहिलं आणि विचारलं, "साहेब, सिमल्याहून आलात की चाललात?"

सासूबाईंचा दिवाणखाना हळदीकुंकवाच्या बायकांनी भरलेला होता. अत्तर, उदबत्ती, तीळ, गजरे, आणि बंद खिडक्या. अप्पांना वाऱ्याचं भय. जानेवारी ते मार्च त्या घरात खिडकी उघडत नसे आणि पंखा फिरत नसे. कोपऱ्यात आरामखुर्चीवर वर्तमानपत्र उघडलेलं होतं, त्याअर्थी त्यामागे अप्पा होते.

"आले हो जावईबापू!" सासूबाई म्हणाल्या. मग त्यांनी माझ्या पोशाखाकडे पाहिलं. "काळंच आहे की," असं त्या स्वतःची समजूत घालत पुटपुटल्या.

आम्हाला पाटावर बसवलं. शैलाच्या गळ्यात, कानात, हातात, कपाळावर हलवा चढू लागला. काळ्या साडीवर ते पांढरे काटेरी दाणे असे दिसत होते, की मी माझा घाम क्षणभर विसरलो. मग माझी पाळी. मनगटावर हलव्याचं घड्याळ, हातात हलव्याचा गुच्छ, आणि गळ्यात छातीभर रुळणारा हार. बायका वाकून वाकून बघत होत्या. सासूबाईंची भाजलेली बोटं हार नीट करत होती. त्यांनी एकदा कोपऱ्याकडे पाहिलं. वर्तमानपत्राचं पान उलटलं.

आणि मला घाम फुटला. फुटला म्हणजे धरण फुटतं तसा. ती लव बर्फासाठी बनवलेली. तिला काय माहीत, आपण घाटकोपरला आहोत? कपाळावरून, कानामागून, हनुवटीवरून धारा निघाल्या आणि सरळ हारावर. साखर ती. तिला पाणी लागल्यावर ती काय करणार? काटे मऊ झाले. मग दाणे चिकट झाले. मग माझ्या काळ्या छातीवरून पांढुरक्या पाकाचा एक ओघळ हळूहळू खिशाकडे निघाला.

"शैला," वर्तमानपत्र म्हणालं, "त्यांना बरं नाही का, विचार."

"अहो, बरं नाही का?" शैलाने विचारलं. घरी ती मला 'अरे' म्हणायची. माहेरी आली की 'अहो'.

"उत्तम आहे," मी म्हणालो, आणि एक थेंब घड्याळावर पडून त्याचा काटा गळाला.

"अगंबाई, हार विरघळतोय!" सासूबाई ओरडल्या. महिनाभराची शेगडी त्यांच्या डोळ्यांसमोर पाक होऊन चालली होती. त्यांनी हार उचलायला हात घातला, तर हार उचलेना. दाणे कापडाला चिकटलेले, आणि हाराचा दोरा टोपीच्या दोरीत गुंतलेला.

"स्वेटरच काढा हो, हारासकट! मी नंतर सोडवते सावकाश."

आता माझ्यापुढे दोन मार्ग होते. बसून राहिलो तर सासूबाईंचा महिना वाहून जाणार. काढलं तर भोकाभोकांचं बनियन सगळ्या घाटकोपरला दिसणार. मी शैलाकडे पाहिलं. ती बघत होती कोपऱ्याकडे, आणि तिचा चेहरा बसमध्ये 'नाही जाणार' म्हणतानाचा झाला होता. मी विचार केला, जायचंच आहे तर निदान हार वाचवून जावं. उभा राहिलो, कमरेपाशी स्वेटर धरलं, आणि वर ओढलं.

कपाळापर्यंत छान आलं, असं मला वाटलं. प्रत्यक्षात ते हनुवटीपर्यंतच आलं होतं. तिथे गळ्याने माझी मुंडी धरली. हात बाह्यांत, बाह्या डोक्यावर, टोपी तोंडावर. आत संपूर्ण अंधार. नव्या कापडाचा, घामाचा आणि वेलचीचा वास. बाहेरची दुनिया लांब, पाण्याखालून ऐकू यावी तशी.

"खाली घ्या, खाली!"

"नाही नाही, वर!"

"आधी एक हात काढा!"

"अगं, कान अडकलाय त्यांचा, कान!"

"अरे, हलू नकोस ना!" ही शैला. 'अहो' सुटलं होतं.

कुणीतरी कमरेला धरलं, कुणीतरी बाही ओढली, माझा पाय पाटावरून घसरला आणि मी आंधळी कोशिंबीर खेळणाऱ्या अस्वलासारखा दिवाणखान्यात गोल फिरलो. एक ताट वाजलं. एक बाई किंचाळली. आत त्या काळोखात मला एकदम फार शांत वाटलं. आता यापेक्षा वाईट काही होणार नाही, असं ज्याला खात्रीने कळलंय त्या माणसाची ती शांतता.

मग वर्तमानपत्र चुरगळल्याचा आवाज झाला, आणि दोन दणकट हातांनी माझी दोन्ही मनगटं पकडली.

"ए गाढवा! हात वर कर! वर! खाली काय आणतोस? मान खाली घाल! शैला, तू कंबर धर. धरलीस? हं... एक... दोन..."

तीन म्हणायच्या आधीच त्यांनी ओढलं. कान गेले असं वाटलं. प्रकाश आला. अप्पा स्वेटर हातात घेऊन मागच्या भिंतीपर्यंत गेले होते, हार तुटला होता, आणि हलव्याचे दाणे सगळ्या खोलीत टपटपत उडत होते. बायकांबरोबर आलेली चिल्लीपिल्ली फरशीवर झेपावली आणि दाणे वेचून खाऊ लागली. लहान बाळाच्या पहिल्या संक्रांतीला त्याच्या डोक्यावरून बोरं आणि हलवा ओततात, पोरं ती वेचतात, तसंच.

"मालतीबाई," एक म्हातारी सासूबाईंना म्हणाली, "जावयाचं बोरन्हाण झकास झालं हो!"

पहिल्यांदा सासूबाईच हसल्या. मग सगळी खोली. भाजलेली बोटं तोंडावर धरून त्या इतक्या हसल्या, की त्यांना खाली बसावं लागलं.

मी मात्र मध्यभागी उभा, बनियनात. छातीवर एक भोक, पोटावर दोन, आणि खांद्याकडची पट्टी केवळ सवयीने जागेवर. हसू थांबलं तशी सगळ्यांची नजर तिथे आली. अप्पा जवळ आले. चष्मा पुसला. भोकं नीट पाहिली, दिन्या माल बघायचा तशी. मग त्यांनी शांतपणे स्वतःच्या सदऱ्याची वरची बटणं सोडली आणि गळा रुंदावून सासूबाईंना दाखवला. आत तसंच बनियन. माझ्यापेक्षा दोन भोकं पुढेच.

"बघ," अप्पा म्हणाले. "जन्मभर मला एकट्याला बोलतेस."

"तुम्हा दोघांची पोतेरी करायला हवीत!" सासूबाई म्हणाल्या.

"केलीस तर याचं आधी कर. माझं अजून चालेल." मग मागे वळून, "दादाचा एक शर्ट दे त्याला. निळा दे, तो मोठा आहे."

दादा म्हणजे शैलाचा थोरला भाऊ. मस्कतला नोकरीला होता. त्याचे शर्ट कपाटात इस्त्री करून ठेवलेले असत. निळा शर्ट अंगात घातला तर बाह्या बोटांच्या पुढे आल्या. अप्पांनी त्या स्वतःच्या हाताने दुमडून दिल्या, एक घडी, दुसरी घडी, आणि पंख्याचं बटण दाबलं. मग खिडकी उघडली.

संध्याकाळी आम्ही बसस्टॉपवर उभे होतो. हवा आता खरोखरच गार झाली होती, आणि अंगात नुसता पातळ शर्ट. पिशवीत ते काळं स्वेटर पाकात भिजून दगडासारखं झालं होतं. शैला माझ्याकडे पाठ करून बसची वाट बघत होती. केसांत हलव्याचा एक दाणा तसाच राहिला होता.

"रागावलीस?" मी विचारलं.

तिने मान हलवली. पदर डोळ्यांना लावला.

"अगं, बोलले की माझ्याशी! गाढव म्हणाले, पण बोलले तर खरे."

"तुला काय कळतंय," ती म्हणाली. रडत होती की हसत होती, मला अजूनही नक्की सांगता येणार नाही. "दादा मस्कतला गेल्यापासून त्या घरात अप्पांनी कुणाला गाढव म्हटलं नव्हतं."